सिबिल पडल्यावर दोन-तीन क्रेडिट कार्डं कशी सांभाळायची

सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीवरून मिळणारा स्कोअर, घसरलं की सल्ले देणारे दोन गटांत विभागले जातात. एक गट म्हणतो, कार्ड कात्रीनं काप आणि पुन्हा त्या वाटेला जाऊ नकोस. दुसरा म्हणतो, तीन-चार कार्डं घे, वापरत राहा, भरत राहा, स्कोअर आपोआप चढतो. पहिल्या सल्ल्यानं खर्च आटोक्यात येतो, पण रिपोर्टमध्ये नवीन चांगलं काही लिहिलं जात नाही, त्यामुळे जुनीच डाग पडलेली पानं बँकेसमोर जातात. दुसऱ्यानं एकदा बुडालेला माणूस पुन्हा बुडतो, आणि या वेळी जास्त खोल.

मी रिटर्न भरून देण्याचं काम करते. कागदपत्रं चाळताना लोकांच्या कार्डांची बिलंही समोर येतात, आणि त्यांतून माझं एक मत पक्कं झालंय. कार्डं किती असावीत, याचं उत्तर पगारावर तितकंसं अवलंबून नसतं. महिन्यात किती देय तारखा न चुकता पाळता येतात, यावर ते ठरतं. बहुतेकांना दोन जमतात. तिसरी पाळणारे थोडे, चौथी पाळणारे मी फार पाहिलेले नाहीत. म्हणून खालची सगळी मांडणी दोन कार्डांची आहे. तिसऱ्याचा विषय शेवटी.

आधी रिपोर्ट, मग अर्ज

भारतात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण सगळ्यालाच सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण चौघींकडच्या नोंदी तंतोतंत जुळतीलच असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो त्या-त्या कंपनीच्या वेबसाइटवरूनच काढा. पेमेंट अॅपवर दिसणारा रंगीत काटा फक्त आकडा दाखवतो. तो आकडा असा का आहे, हे पूर्ण रिपोर्टमध्येच कळतं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः कितीही वेळा पाहिला तरी स्कोअर कमी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका.

स्कोअर ३०० ते ९०० च्या मध्ये असतो. त्याच्याकडे एकदा बघा आणि पान उलटा, कारण खरा मजकूर पुढे आहे. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात, सिबिलच्या रिपोर्टमध्ये ते मागच्या ३६ महिन्यांचे. चौकोनात ००० असेल तर त्या महिन्यात उशीर नाही. ०३०, ०६० असे आकडे म्हणजे तितके दिवस उशीर. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे बँकेनं त्या महिन्याची माहितीच पाठवलेली नाही. खात्याची स्थिती ‘सेटल्ड’ (कमी पैशांत मिटवलेलं) किंवा ‘रिटन ऑफ’ (बँकेनं बुडीत धरलेलं) लिहिली असेल तर त्याखाली लाल पेनानं रेघ मारा. तिथून काम सुरू होतं.

याच वेळी दोन गोष्टी मुद्दाम तपासा. आपली नसलेली कर्जं आपल्या नावावर चढलेली आहेत का? एकच नाव-आडनाव असलेली माणसं आपल्याकडे थोडी नाहीत, त्यात पॅन किंवा जन्मतारीख चुकली की दुसऱ्याचं ट्रॅक्टरचं कर्ज आपल्या रिपोर्टात येऊन बसतं. आणि मेव्हण्याला किंवा मित्राला नागरी सहकारी बँकेत जामीन राहिला असाल तर ते खातंही बघा. त्यानं हप्ते थकवले असतील तर तुम्ही स्वतः एक रुपया न घेताही त्याची झळ तुम्हाला लागते.

चूक सापडली तर त्या कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी संबंधित बँकेलाही ईमेल करा, कारण दुरुस्ती शेवटी बँकेच्या होकारानंच होते. निकाल ३० दिवसांत लागायला हवा. त्यापुढे गेलं तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. भरपाई मागताना तारीख सिद्ध करावी लागते.

जुनं देणं मिटवल्याशिवाय नवं कार्ड नको

ही पायरी लोक सर्रास वगळतात. एका कार्डावर थकबाकी असताना दुसऱ्या कार्डानं स्कोअर सुधारायला निघणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं. हिशेब बघा. समजा जुन्या कार्डावर ४८,००० रुपये बाकी आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. महिन्याचं व्याज झालं १,६८०. त्यावर १८ टक्के जीएसटी ३०२. म्हणजे १,९८२ रुपये नुसते उभं राहायला लागतात. तुम्ही दर महिन्याला निष्ठेनं २,५०० भरलेत तरी मुद्दल पहिल्या महिन्यात फक्त ५१८ रुपयांनी उतरतं.

अजूनही काही जण सांगतात की कार्डाचं व्याज कायद्यानं ३० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. तशी मर्यादा राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये घातली होती हे खरं, पण सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. त्या आधारावर भांडायला जाऊ नका.

त्यापेक्षा महागडं देणं स्वस्त कर्जात बदलता येतं का ते बघा. एफडी असेल तर तिच्यावर कर्ज काढून कार्ड मिटवणं जवळपास नेहमीच फायद्याचं ठरतं. पगार नियमित असेल तर बँकेतलं सोनेतारण कर्जही कार्डाच्या व्याजापेक्षा बरंच स्वस्त पडतं. मात्र उत्पन्न डळमळीत असताना घरातलं सोनं गहाण ठेवून कार्ड फेडू नका. कार्डाच्या थकबाकीत पत जाते, सोनेतारण थकलं तर दागिनाच लिलावात जातो. आणि हा बदल केल्यावर रिकामं झालेलं कार्ड पुन्हा भरलं तर दोन्ही देणी डोक्यावर बसतात. असं झालेली घरं मला माहीत आहेत, एका दिवाळीत सगळं मुसळ केरात.

‘सेटल्ड’ खात्याचं थोडं वेगळं आहे. सेटलमेंट म्हणजे बँकेनं कमी पैसे घेऊन उरलेले सोडून दिले. त्या वेळी सुटका वाटते, पण रिपोर्ट वाचणाऱ्या पुढच्या बँकेला त्यातून एवढंच कळतं की या माणसाकडून पूर्ण वसुली झाली नाही. ऐपत आल्यावर बँकेला लेखी विचारा: उरलेली रक्कम किती, ती भरली तर खात्याची स्थिती ‘क्लोज्ड’ करून देणार का? होकार लेखी आल्यावरच पैसे भरा आणि भरल्यावर नो ड्यूज, म्हणजे देणं उरलं नसल्याचं, पत्र घ्या. थकबाकीदार म्हणून कळवलेल्या ग्राहकानं देणं चुकतं केलं की ३० दिवसांत ती माहिती पुढे कळवणं कार्ड कंपनीवर बंधनकारक आहे. पत्र हातात असलं की त्या मुदतीनंतर पाठपुरावा करता येतो.

या टप्प्यावर ‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणणारा एजंट हमखास भेटतो. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही. खोटी नोंद असेल तर ती फुकट दुरुस्त होते. मग त्याला पैसे कशाचे द्यायचे?

पहिलं कार्ड: एफडीवरचं

स्कोअर पडलेला असताना साध्या कार्डासाठी एका पाठोपाठ एक अर्ज टाकत सुटू नका. प्रत्येक अर्जागणिक बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि तशी नोंद राहते. महिन्याभरात अशा पाच नोंदी दिसल्या की सहावी बँक समजून जाते की माणूस पैशाच्या अडचणीत आहे.

त्यापेक्षा जिथे तुमचं पगाराचं किंवा रोजच्या वापराचं खातं आहे तिथेच एफडीवर मिळणारं कार्ड मागा. बऱ्याच मोठ्या बँकांकडे ते असतं. एफडीच्या साधारण ७५ ते १०० टक्के खर्चाची मर्यादा मिळते आणि एफडीवर व्याज नेहमीसारखं चालू राहतं. ३०,००० ची एफडी ठेवली आणि ९० टक्के मर्यादा मिळाली तर कार्ड २७,००० चं झालं. सुरुवातीला एवढं पुष्कळ आहे. एफडी ठेवताना तिची मुदत आणि आपोआप नूतनीकरणाचा पर्याय नीट बघा, नाहीतर ऐन मध्यावर एफडी संपते आणि कार्डाचा घोळ होतो.

एक गैरसमज इथे फार आहे: ‘नाही भरलं तर काय, एफडीतून कापून घेतील.’ घेतील ना. पण त्याआधीचे उशिराचे दिवस रिपोर्टमध्ये उमटलेले असतील आणि ज्या कामासाठी हे कार्ड घेतलं तेच बिघडलेलं असेल. एफडी बँकेच्या मनःशांतीसाठी आहे, तुमच्या नाही.

जुनं एखादं कार्ड अजून चालू असेल, त्यावर बाकी नसेल आणि वार्षिक फी नसेल, तर ते बंद करू नका. जुनं खातं रिपोर्टमध्ये वजन धरून असतं. मात्र वर्षभर न वापरलेलं कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँक सुरू करू शकते. तुम्हाला कळवून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर ते बंद होतं. म्हणून अशा कार्डावर वर्षातून दोन-तीनदा तरी मोबाइलचं रिचार्ज करा.

दुसरं कार्ड आणि कामांची वाटणी

पहिल्या कार्डावर किमान सहा महिने सलग ००० आल्यावरच दुसऱ्याचा विचार करा. घ्यायचं तर दुसऱ्या बँकेचं घ्या. एकाच बँकेची दोन कार्डं घेतली तर बहुतेक वेळा दोघांत मिळून एकच मर्यादा असते. म्हणजे तारखा दोन झाल्या, मर्यादा आहे तेवढीच राहिली.

दुसरं कार्ड आलं की त्याच आठवड्यात दोघांची कामं ठरवून टाका. माझी आवडती वाटणी अशी: एका कार्डावर फक्त ठरलेली बिलं, म्हणजे महावितरणचं वीजबिल, मोबाइल, ब्रॉडबँड. दुसऱ्यावर फक्त पेट्रोल आणि महिन्याचं किराणा. बाकी सगळं डेबिट कार्डानं, युपीआयनं किंवा रोख. हॉटेल नाही, कपडे नाहीत, सेल तर नाहीच. हे खर्च कार्ड नसतं तरी झालेच असते, हीच कसोटी. या दोन खात्यांत न बसणारा खर्च कार्डावर दिसला की महिन्याच्या शेवटी तो लगेच नजरेत येतो, हा या वाटणीचा खरा फायदा. सगळं सगळीकडे सरमिसळ झालं तर बिल वाचायचाच कंटाळा येतो, आणि घसरण तिथूनच सुरू होते.

खरेदीच्या अॅपवर कार्ड साठवून ठेवू नका. आणि रुपे क्रेडिट कार्ड युपीआयला जोडता येतं, त्याबद्दल माझं स्पष्ट मत: हे वर्षभर जोडू नका. सोय उत्तम आहे, पण वडापावपासून रिक्षापर्यंत सगळं उधारीवर जायला लागतं, आणि बिलात २०-३० रुपयांच्या साठ ओळी आल्या की कोण तपासतो?

आता किती वापरायचं. स्कोअरचं नेमकं सूत्र कंपन्या जाहीर करत नाहीत, पण मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहावं, हा बँकवाल्यांचा चालत आलेला ठोकताळा आहे. २७,००० च्या कार्डावर तो होतो ८,१००. दुसरं ४०,००० चं असेल तर १२,०००. प्रत्येक कार्डाचा वेगळा आणि दोघांचा मिळून, असे दोन्ही आकडे आत ठेवा. एक कार्ड गळ्यापर्यंत भरलेलं आणि दुसरं रिकामं, हे चित्र चांगलं दिसत नाही.

यातली बारीक गोष्ट अशी की बँक माहिती पाठवते त्या दिवशी जी बाकी असेल ती रिपोर्टमध्ये जाते. ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवावी असा नियम जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला. म्हणजे तुम्ही देय तारखेला पूर्ण पैसे भरत असलात तरी त्याआधीची फुगलेली बाकी नोंदली गेलेली असू शकते. फ्रिज बिघडला आणि १८,००० चा नवा घ्यावाच लागला, तोही ४०,००० च्या कार्डावर, तर वापर थेट ४५ टक्के. अशा वेळी बिल तयार व्हायची वाट न बघता त्याच आठवड्यात १०,००० भरून टाका. बाकी ८,००० वर येते, वापर २० टक्के. बिलाआधी पैसे भरता येतात हेच अनेकांना माहीत नसतं.

तारखा: इथेच सगळं ठरतं

प्रत्येक कार्डाला दोन तारखा असतात. एक बिल तयार होण्याची, दुसरी पैसे भरण्याची शेवटची. पगार १ तारखेला होत असेल आणि देय तारीख २८ असेल, तर तोवर खातं रिकामं झालेलं असतं. ही मांडणीच चूक आहे. बिलाचं चक्र किमान एकदा बदलून घेण्याचा हक्क ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक नियमांनी दिलेला आहे. कस्टमर केअरला फोन करून दोन्ही कार्डांच्या देय तारखा पगारानंतर पाच ते दहा दिवसांत आणून ठेवा. पगार १ ला होतो पण कधीकधी ४ पर्यंत लांबतो? मग ८ आणि १० तारीख बरी. दोन्ही अगदी एकाच दिवशी नकोत, बँकेचं अॅप त्याच दिवशी बंद पडलं तर दोन्ही अडकतात.

मग ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप बिल भरण्याची सोय, लावा. इथे फॉर्म भरताना दोन पर्याय येतात, ‘मिनिमम ड्यू’ (किमान रक्कम) आणि ‘टोटल ड्यू’ (पूर्ण बिल). टोटल निवडा. काही फॉर्मवर मिनिमम आधीच निवडलेलं असतं, घाईत तसंच पुढे गेलं तर वर्षभर व्याज भरत बसाल आणि वाटेल की सगळं सुरळीत चाललंय. ऑटोपे हा मागचा टेकू. पुढचा टेकू म्हणजे देय तारखेच्या तीन-चार दिवस आधी स्वतः भरणं. दुसऱ्या अॅपवरून भरलेले पैसे कार्ड खात्यात जमा व्हायला एक-दोन दिवस लागू शकतात, म्हणून शेवटच्या रात्री भरायची सवय सोडा. स्वतः भरल्यावर ऑटोपेनं पुन्हा तेवढीच रक्कम कापली जात नाही ना, हे पहिल्या महिन्यात बघून घ्या. बँकेबँकेत फरक असतो.

मोबाइलची आठवण ठीक आहे, पण ती एका बोटानं बाजूला सरते. त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी देय तारखेच्या चार दिवस आधीच्या चौकोनात कार्डाचं नाव आणि रक्कम लिहा, भरलं की काट मारा. घरातल्या दुसऱ्या माणसालाही ते दिसतं, आणि माझ्या मते अर्धा फायदा त्यातच आहे.

देय तारीख चुकलीच, तर घाबरून हातपाय गाळू नका, त्याच दिवशी भरा. तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्याशिवाय बँकेला उशिराचं शुल्क लावता येत नाही आणि खातं ‘पास्ट ड्यू’ म्हणजे थकीत म्हणून कळवताही येत नाही. पण चौथ्या दिवशी गेलात की दिवस मूळ तारखेपासून मोजले जातात. त्यामुळे या तीन दिवसांना मुदतवाढ समजू नका.

हजार रुपये कमी भरले तर काय होतं

हे जवळून बघण्यासारखं आहे. कार्डाचं बिल १८ तारखेला तयार होतं, देय तारीख पुढच्या महिन्याची ७. जुलैचं बिल आलं १२,०००. तुम्ही ७ ऑगस्टला ११,००० भरले, मनात म्हटलं, हजारच तर राहिले. १० ऑगस्टला त्याच कार्डावर १४,००० चा खर्च केला. १८ ऑगस्टचं बिल आलं आणि ७ सप्टेंबरला ते पूर्ण भरलं.

एरवी या १४,००० वर एक पैसाही व्याज लागलं नसतं. पण मागची बाकी पूर्ण फिटलेली नसली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून सुरू होतं. १० ऑगस्ट ते ७ सप्टेंबर, २८ दिवस, वर्षाला ४२ टक्क्यांनी: सुमारे ४५१ रुपये. जीएसटी धरून ५३२. राहिलेल्या हजारावरचं व्याज वेगळं. आणि ७ सप्टेंबरला तुम्ही बिलातला आकडा पूर्ण भरलात तरी १८ ऑगस्टनंतरच्या दिवसांचं व्याज त्यापुढच्या बिलात येतं. तेव्हा लोक बँकेला फोन करून म्हणतात, ‘मी तर सगळं भरलं होतं!’

म्हणून एखाद्या महिन्यात पूर्ण भरणं जमलं नाही, तर त्या कार्डावरची नवी खरेदी ताबडतोब थांबवा. किराणा-पेट्रोल बाकी फिटेपर्यंत डेबिट कार्डावर हलवा.

कार्डानं एटीएममधून रोख काढू नका. तिथे बिनव्याजी मुदत मुळातच नसते, पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळं शुल्क. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांचंही लक्षात ठेवा: व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुधा आपल्याच माथी येते, शिवाय उरलेल्या हप्त्यांची रक्कम मर्यादेतून अडकून राहते. लहान मर्यादेच्या कार्डावर त्यामुळे वापराची टक्केवारी महिनोन्‌महिने वर राहते. पत्नीला किंवा मुलाला आपल्याच खात्यावरचं अॅड-ऑन कार्ड दिलं असेल तर त्याचं देणंही मूळ कार्डधारकाचंच, हे घरात आधीच बोलून घ्या.

एखादा महिना खरंच अडला तर

नोकरी गेली, दवाखाना निघाला. अशा वेळी एका कार्डातून वॉलेटमध्ये पैसे घालायचे, त्यातून दुसरं कार्ड भरायचं, असा याची टोपी त्याला घालण्याचा खेळ सुरू होतो. प्रत्येक फेरीत शुल्क जातं आणि बाकी वाढतच राहते. लोन अॅपचं झटपट कर्ज हा त्याहून वाईट रस्ता.

त्याऐवजी क्रम असा ठेवा. दोन्ही कार्डांची किमान रक्कम कशीही करून वेळेवर भरा, म्हणजे रिपोर्टमध्ये उशीर लागणार नाही. त्याउपर हाताशी जे असेल ते सगळं जास्त व्याजाच्या कार्डावर टाका. देय तारखेच्या आधी बँकेला फोन करून बाकीचे हप्ते करून मागा. हप्त्यांचा दर सहसा कार्डाच्या थकबाकीवरच्या व्याजापेक्षा कमी असतो. दर, फी आणि हप्त्यांची संख्या ईमेलवर मागवा आणि मगच हो म्हणा. सेटलमेंटचा प्रस्ताव बँकेकडून आला तर तो शेवटचा उपाय समजा, वर लिहिलेल्या कारणासाठी.

थकबाकीदार म्हणून कळवण्याआधी बँकेनं सात दिवसांची सूचना द्यायला हवी. ती आली की ते सात दिवस वाया घालवू नका. वसुलीवाल्यांचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत यायला हवेत, त्याबाहेर आले तर वेळ आणि क्रमांक लिहून ठेवून लेखी तक्रार करा.

मर्यादा वाढवणं, तिसरं कार्ड, आणि बंद करणं

वर्षभर नीट चाललं की बँका मर्यादा वाढवायचे मेसेज पाठवू लागतात. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय त्या ती वाढवू शकत नाहीत. खर्च तेवढाच राहणार असेल तर वाढीव मर्यादा उपयोगी, कारण वापराची टक्केवारी उतरते. मर्यादा वाढली की आपला खर्चही वाढतो, असा स्वतःचा अनुभव असेल तर सरळ नकार द्या.

तिसरं कार्ड वर्षभर दोन्हींवर एकही उशीर नसेल तरच, आणि तेही नेमकं कारण असेल तर. मॉलमध्ये उभ्या मुलानं फुकट बॅग दिली, हे कारण नव्हे. सहा महिन्यांत गृहकर्जाचा अर्ज करायचा असेल तर नवं कार्ड अजिबात नको.

कार्ड बंद करायचं तर क्रम महत्त्वाचा. आधी त्यावर लावलेली ऑटो पेमेंट्स दुसरीकडे हलवा, नाहीतर विम्याचा हप्ता चुकतो. पॉइंट वापरून टाका. बाकी शून्य करा. मग लेखी विनंती द्या. देणं पूर्ण फिटलेलं असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाहीतर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला बँक तुम्हाला ५०० रुपये देणं लागते. दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून ‘क्लोज्ड’ लिहिलंय का ते पाहा.

एफडीवरचं कार्ड बंद केलंत, किंवा बँकेनं ते बदलून साधं कार्ड दिलं, तर आणखी एक काम उरतं. एफडीवर बँकेनं लावलेला लीन, म्हणजे ती तारण म्हणून अडकवून ठेवणारा हक्क, आपोआप निघतोच असं नाही. शाखेत जाऊन तो काढल्याचं विचारा, आणि नेटबँकिंगमध्ये एफडीसमोर लीनची रक्कम शून्य दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.